क्षारमास्तरांची जीभ

"मास्तर, अहो आमच्या टाकीत समुद्र सोडलात की काय?"

सेक्रेटरींचा आवाज फोनमधून निघून थेट स्वयंपाकघरात पोचला. मास्तरीणबाईंनी गॅस बारीक केला आणि कान टवकारले. पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या इमारतीचे हे सेक्रेटरी एरवी इतके थंड गृहस्थ, की लिफ्ट बंद पडली तरी 'चालायचंच, व्यायाम होतो' म्हणायचे. तो माणूस सकाळी सकाळी असा किंचाळतोय म्हणजे काहीतरी मोठंच बिनसलं होतं.

"शक्यच नाही," मास्तर म्हणाले.

"शक्य नाही काय? चहा खारट, कॉफी खारट! तळमजल्यावरच्या आजींनी पहिला घोट घेतला आणि तसाच थुंकला!"

"साखर समजून मीठ पडलं असेल कुणाच्या तरी हातून."

"सगळ्या इमारतीच्या हातून? एकाच सकाळी?"

यावर मास्तर रागावले. फोन ठेवला, पायात चपला अडकवल्या आणि निघाले. मास्तरीणबाईंनी गॅस बंद केला आणि त्याही मागोमाग निघाल्या. नवरा डोक्यात राख घालून घराबाहेर पडला की एकटा सोडायचा नाही, हा धडा त्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. त्यांनी कुणाला काही शिकवलं असेल तर फक्त गीझर कसा वापरू नये ते. मूळचे ते साधे विजेची कामं करणारे. या गावाला पाणी जमिनीखालून येतं, आणि ते पाणी काय वर्णावं! "आपल्याकडे पाणी नाही पीत कुणी, पातळ केलेला दगड पितात," असं मास्तर म्हणायचे. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं, शॉवरची भोकं बुजलेली, किटलीच्या तळाला चुन्याची पपडी. इस्त्रीतून वाफेऐवजी पांढरा भुगा उडायचा. साबण फेसच धरायचा नाही. नवे कोरे टॉवेल वॉशिंग मशीनमध्ये चार वेळा धुतले की उभे केले तरी उभे राहतील असे कडक. तरुणपणी मास्तर घरोघर गीझरच्या जळक्या कॉइल बदलत हिंडले. कॉइल बाहेर काढावी तर तिच्यावर मनगटाएवढा जाड क्षार! एक दिवस त्यांना वाटलं, हे म्हणजे वैद्याने रोज पट्टी बदलायची आणि जखमेकडे बघायचंच नाही. मग ते पाणी मऊ करणारी यंत्रं बसवायला शिकले. तेव्हापासून गावाने त्यांचं नाव ठेवलं क्षारमास्तर.

त्या नावाबरोबर बायकोला मास्तरीणबाई ही पदवी फुकटात मिळाली. खरं तर तिचं स्वतःचं कसब काही कमी नव्हतं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये तिने उभा जन्म मोठमोठी पातेली ढवळली होती. पण कँटीनच्या स्वयंपाकिणीला कोण पदवी देतो? पेशंट जेवतात, नाकं मुरडतात आणि बरे होऊन घरी जातात.

इमारतीच्या पंपखोलीसमोर जत्रा जमली होती. हातात कप घेतलेली, अर्धवट दाढी केलेली, ऑफिसला उशीर होत असलेली माणसं. आत मास्तरांचं यंत्र शांत उभं होतं: माणसाएवढ्या उंचीची निळी टाकी आणि तिच्या पोटात बारीक मणी भरलेले. जड पाणी या मण्यांतून गेलं की मणी त्यातला चुना धरून ठेवतात आणि पाणी मऊ होऊन पुढे जातं. मणी चुन्याने भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवायचे, आणि मग ते मीठ साध्या पाण्याने धुऊन काढायचं. हे शेवटचं धुणं पुरं झालं की नाही, हे बाकीचे कारागीर घड्याळ लावून ठरवत. मास्तर ते जिभेवर ठरवत. पेलाभर पाणी घ्यायचं, डोळे मिटायचे, घोट तोंडात घोळवायचा आणि म्हणायचं, "गोडं आहे, सोडा." गोडं म्हणजे मिठाचा मागमूस नसलेलं. लोक हे बघायला मुद्दाम थांबायचे. कुठल्या बोअरचं पाणी आहे, हेसुद्धा मास्तर घोटावरून सांगत.

आदल्या दिवशी संध्याकाळी याच यंत्राचं धुणं त्यांनी केलं होतं.

"बघू," म्हणत मास्तरांनी नळाखाली पेला धरला, भरला, डोळे मिटले आणि घोट घेतला. जत्रा टाचा उंचावून बघायला लागली.

"गोडं आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, चेष्टा करू नका हो," सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

"मी चेष्टा करतोय? माझी जीभ खोटं बोलते?" मास्तरांचं नाक वर गेलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तळाशी घोटभर उरलं तेव्हा त्यांनी पेला कठड्यावर आपटला. "खारट असतं तर एवढं पोटात गेलं असतं? तुमच्या चहाचं तुम्ही बघा!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. समोरचा माणूस इतक्या ऐटीत अख्खा पेला पितो म्हटल्यावर आपलीच खात्री डळमळते. एकाने कपात पुन्हा बोट बुडवून पाहिलं. तळमजल्यावरच्या आजी तर घाबऱ्याघुबऱ्या होऊन स्वतःच्या जिभेवरून बोट फिरवायला लागल्या.

मास्तरीणबाई कठड्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सहज पेला उचलला आणि उरलेला घोट तोंडात घेतला.

नुसतं मीठ! डोळ्यांत पाणी यावं असं. थुंकायला तोंड पुढे आलंच होतं, पण थुंकल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं. त्यांनी तो घोट गिळला. गिळताना त्यांना एकदम सगळं समजलं.

"अहो," त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा मोठा पाना घरीच राहिला ना? चला, घेऊन येऊ." आणि सेक्रेटरींकडे वळून, "भाऊजी, वरची टाकी तोवर रिकामी करून ठेवा. पाइपात काही अडकलंबिडलं असेल. दुपारी येऊन हे सगळं पुन्हा धुऊन देतील."

"वहिनी, रविवारी मीटिंग आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "लोक म्हणतायत, दुसरा माणूस बघा. मी आत्तापर्यंत थोपवून धरलंय."

"थोपवून धरा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मास्तर वाटभर बडबडत होते. लोकांना कदर नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्या वर्षांत कधी कुणाची तक्रार आली का, वगैरे. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि लगेच दुसरा भरला.

"तहान लागली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"लागणारच. ऊन किती आहे."

"ऊन नाही, मीठ आहे ते. पेल्यातलं उरलेलं मी प्यायले."

मास्तरांचा तांब्या अर्ध्यावर थांबला.

"जीभ कधी गेली तुमची?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग खुर्चीवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "थंडीत ताप आला होता बघ. ताप गेला आणि चवही गेली. वाटलं, येईल परत. नाही आली. मीठ नाही, साखर नाही. तोंडात कापूस चघळल्यासारखं वाटतं."

"आणि इतके महिने यंत्रं धुताय?"

"अंदाजाने. खूप वेळ पाणी सोडून द्यायचं, मग घोट घ्यायचा आणि 'गोडं' म्हणायचं. चुकलं नाही कधी. काल त्यांच्याकडे पाणी कमी होतं. सेक्रेटरी म्हणाले, मास्तर, किती पाणी घालवता? म्हणून जरा आधी बंद केलं."

"आणि डॉक्टर?"

"दाखवलं. तो म्हणाला, येईलही, नाहीही."

मास्तरीणबाईंच्या डोक्यात आता दुसरंच काहीतरी फिरायला लागलं होतं. "थांबा. म्हणजे माझं जेवण? रोज 'वा' म्हणता ते?"

मास्तर तांब्याचा काठ पुसायला लागले.

"गेल्या महिन्यात भाजीत मीठ घालायला विसरले मी, आणि तुम्ही मिटक्या मारत खाल्लीत. मला वाटलं, माझं मन राखताय."

"त्या दिवशी तू उशिरा बसलीस जेवायला," मास्तर ओशाळून म्हणाले. "एरवी तू आधी घास घेतेस. तुझ्या कपाळाला आठी पडली नाही की मी 'वा' म्हणतो."

यावर मास्तरीणबाईंना हसायला यायला हवं होतं, पण रडू आलं. जन्मभर त्यांनी शेकड्यांनी माणसं जेवू घातली, पण त्यांच्या हाताची नेमकी चव कळणारा माणूस एकच होता. आज फोडणी जरा करपली, आज जिरं थोडं जास्त, आज अगदी जमलंय, असं बारीकसारीक तो सांगायचा, आणि त्या वरवर चिडायच्या. ते आता कधी ऐकायला मिळणार नाही, या विचाराने त्यांना भडभडून आलं. मग राग आला.

"सांगितलं का नाहीत मला?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं ते."

"आणि सकाळी पेलाभर मिठाचं पाणी पिऊन दाखवलंत! हात दाखवून अवलक्षण! बाजारात मीटर मिळतात ना, मीठ मोजायचे?"

"मिळतात. घेईन. पण दुपारपर्यंत कुठून आणू? आणि मीटर घेऊन गेलो की पहिला प्रश्न काय येईल? मास्तर, जिभेला काय झालं?" मास्तरांचा आवाज बारीक झाला. "अगं, पाना फिरवणारे ढीगभर आहेत गावात. मला बोलावतात ते माझ्या जिभेसाठी. ती गेली म्हणजे मी कोण?"

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. रडून झालं की कामाला लागायचं, ही त्यांची रीत होती.

"मी येते दुपारी," त्या म्हणाल्या. "नळाशी बादली घेऊन उभी राहते. हात धुतल्यासारखं करीन आणि बोटाने चाखीन. गोडं झालं की बादली उचलून बाजूला ठेवते. तुम्ही तेव्हाच पेला भरा, डोळे मिटा आणि काय म्हणायचं ते म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"फसवणूक झाली ही."

"पाणी तर गोडं मिळेल लोकांना? मग फसवणूक कसली? आणि इतके महिने काय करत होतात तुम्ही?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि मोठा पाना पिशवीत टाकला.

दुपारी पुन्हा सगळे जमले. सकाळचे होतेच, शिवाय ज्यांची सकाळची मजा हुकली होती तेही आले. मास्तरांनी कामाला हात घातला आणि मास्तरीणबाई बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याचं काम ऐकलं होतं, असं शेजारी उभं राहून कधी बघितलं नव्हतं. चाव्या फिरवताना त्यांचा हात अडखळत नव्हता. आधी उलटं पाणी सोडून मणी सैल केले, मग सुलटं सोडलं. टाकीला कान लावून ते पोटातला आवाज ऐकत आणि चावी किंचित आवळत. पाइपाच्या एका सांध्यातून थेंब गळत होता, तो कुणी न सांगता बंद केला. एवढी जाण असलेला माणूस एका जिभेपायी स्वतःला शून्य समजतोय, हे बघून बाईंचा ऊर भरून आला आणि थोडा संतापही आला.

नळ वाहत होता. बाईंनी हात धुतल्यासारखं केलं आणि बोट जिभेला लावलं. खारट. थोड्या वेळाने पुन्हा. कमी झालं होतं, पण होतं. बादली जागची हलली नाही. मास्तर बादलीकडे बघत नसल्यासारखं करत तिच्याकडेच बघत होते.

"झालं का हो मास्तर?" एक ऑफिसवाला म्हणाला.

"होतंय."

"घाई करू नका त्यांना," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. त्यांना कुणीतरी स्टूल दिलं होतं. "मास्तर चाखतील तेव्हाच पाणी घेणार मी. माझ्या जिभेचा काही भरवसा राहिला नाही आता. सकाळी मला खारट लागलं आणि मास्तर तर पेलाभर प्यायले. तेव्हाच म्हटलं, चूक माझीच. वय झालं. उद्या नातीला सुट्टी घ्यायला लावलीय, डॉक्टरकडे जायचंय."

मास्तरांचा चावीवरचा हात थांबला.

"डॉक्टरकडे कशाला, आजी?"

"जिभेसाठी. आता आठवून बघितलं तर परवापासून जेवणही खारट लागत होतं की काय, असं वाटायला लागलंय बघा."

कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. मास्तरीणबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखलं की आता बादलीचा काही उपयोग नाही. त्यांनी डोळ्यांनी 'नको' म्हणून बघितलं. पण मास्तर कधी ऐकतात?

"आजी," मास्तर म्हणाले, "तुमची जीभ ठणठणीत आहे. गेली ती माझी."

मास्तर चावी सोडून लोकांकडे वळले.

"तापात गेली. मला मीठ कळत नाही, साखर कळत नाही. काल मी हे पुरतं धुतलं नाही आणि चाखून गोडं म्हणालो. सकाळी पेला प्यायलो, तोही खारट होता. मला कळलाच नाही." त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तुमचे चहा मी घालवले. आणि वर तुम्हालाच खोटं पाडलं. चुकलं माझं."

मास्तरीणबाईंना धडकी भरली. लोक आता बोलतील, ओरडतील, रविवारची मीटिंग आत्ताच इथे उभ्या उभ्या होईल. आजींनी मात्र "हुश्श!" केलं, इतकं मोठ्याने की दोघंतिघं दचकले.

"मग आता हे गोडं झालं, हे कोण सांगणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

मास्तरांनी पेला नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर बायकोपुढे केला.

"ही सांगेल."

"वहिनी?" सेक्रेटरींना नाही म्हटलं तरी शंका आली. "वहिनींना जमेल?"

आणि मघापासून खाली गेलेली मास्तरांची मान एकदम वर आली. "जमेल? अहो, इस्पितळाच्या कँटीनमध्ये एका चुलीवर बिनमिठाचं पथ्याचं आणि शेजारी साधं, अशी जन्मभर पातेली सांभाळलीत हिने. यातल्याचं मीठ त्यात एकदा तरी गेलं का, विचारा तिथल्या डॉक्टरांना! माझी जीभ सवयीने तयार झाली होती. हिची जात्याच तशी आहे. मी हिच्याच हातचं खाऊन शिकलो."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी घरात कधी म्हटलं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी पेला घेतला. सगळे डोळे त्यांच्या तोंडावर. घोट घेतला, घोळवला. अगदी पुसटसं, जिभेच्या कडेला, पण होतं. गोडं म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता आणि नवरा त्या घोळक्यातून लगेच सुटला असता. 

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून आहे."

"सोडतो," मास्तर म्हणाले. पाण्याच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाचा शब्द मानला नव्हता. आता त्यांनी 'किती आहे' एवढंही विचारलं नाही.

पाणी वाहत राहिलं. ऑफिसवाल्याने घड्याळ बघितलं, पण गेला नाही. बाईंनी दुसरा पेला घेतला आणि मान हलवली. तिसरा घेतला. या वेळी त्या जरा थांबल्या, मागचं सगळं गिळून टाकलं आणि पुन्हा एक घोट घेतला.

"गोडं आहे. सोडा."

मास्तरांनी चावी फिरवली. पाणी वर चढायला लागल्याचा आवाज पाइपातून घुमला. आजींनी भांडं भरून घेतलं, चाखलं आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. घोळका पांगायला लागला. जाता जाता एकाने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा मात्र "रविवारी बोलू" म्हणून गेला. सेक्रेटरींनी मास्तरांना काही न विचारता मास्तरीणबाईंना विचारलं, "पुढच्या धुण्याला कधी येताय?"

आजींनी दोघांना घरात नेऊन बसवलं आणि नव्या पाण्याचा चहा केला. मास्तरांनी कप उचलला आणि एक घोट घेतला. आजी तोंडाकडे बघत उभ्या होत्या. कुणी चहा दिला की मास्तर त्याचं वर्णन करतात, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मास्तर बायकोकडे वळले. "कसा झालाय गं?"

मास्तरीणबाईंनी घोट घेतला आणि नीट विचार केला.

"पत्ती थोडी जास्त उकळलीय. साखर बेताची. दूध चांगलं आहे, ताजं. पाण्याला काहीच चव नाही, जशी नसावी तशीच."

"हां," मास्तर म्हणाले. मग त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.